प्रीॲम्पचा फेज उलटा: दोन्ही चॅनल एकत्र आले की बेस का गायब होतो

डग्ग्याचा माइक एकटा चालू ठेवला की घुमारा भरदार. तबल्याचा माइक एकटा ठेवला की ‘ना’ स्वच्छ, खणखणीत. मिक्सरवरचे दोन्ही फेडर (आवाजाची सरकती बटणं) एकत्र वर घेतले की मात्र डग्गा पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखा कोरडा. प्रीॲम्प (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) बांधणाऱ्या मुलाने तोवर तीन वेळा आयसी बदलला होता, दोन्ही माइक बदलून पाहिले होते आणि एकादशीचं भजन दोन दिवसांवर आलं होतं. बोर्डावरचा एकही भाग खराब नव्हता.

घरी बांधलेल्या प्रीॲम्पची ही तक्रार मी इतक्यांदा सोडवली आहे की पेटी उघडण्याआधीच माझे प्रश्न ठरलेले असतात. ते इथे क्रमाने देतो. क्रम सोडू नका. बहुतेक वेळा दोष बोर्डाबाहेर, एखाद्या वायरीत सापडतो आणि आपण मात्र आधी सोल्डरिंग गन तापवतो.

लक्षणं

यातली दोन जरी जुळली तरी फेजचा, म्हणजे एका चॅनलचा सिग्नल दुसऱ्याच्या उलट चालत असल्याचा, संशय घ्या.

- गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध येत नाही. कानांच्या बाजूंना पसरल्यासारखा वाटतो आणि मान जराशी वळवली की त्याची जागा बदलते.
- बेस कमी आहे, पण एका स्पीकरची वायर काढली की उलट वाढतो. हे सगळ्यात खात्रीचं लक्षण.
- गाणं मोनोत वाजवलं की मुख्य आवाज जवळजवळ नाहीसा होतो. इको आणि कडेची वाद्यं तेवढी उरतात.
- दोन माइक वेगवेगळे चांगले, एकत्र पातळ.
- टोन कंट्रोलचा बायपास स्विच दाबला की सबवूफरचा जोर एकदम बदलतो.
- गायकाला इअरफोनमध्ये स्वतःचाच आवाज पोकळ ऐकू येतो. स्वतःचा आवाज हाडांतूनही कानापर्यंत पोहोचतो. इअरफोनमधला उलटा असेल तर दोन्ही एकमेकांना खातात.

हमिंग, खरखर, एक चॅनल पूर्ण बंद, आवाज फाटणं ही दुखणी वेगळी आहेत. फाटण्याचा एक प्रकार मात्र याच घराण्यातला आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या

बोलताना आपण सगळे ‘फेज उलटा’ म्हणतो, मीही म्हणतो. पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे सिग्नल सरळ उलटा होणं: पडदा जिथे पुढे यायला हवा तिथे मागे जातो, आणि हे सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखंच होतं. दुसरी म्हणजे सिग्नल मागे पडणं. आवाज हवेत एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. एक माइक दुसऱ्यापेक्षा तेवढा लांब असेल तर ५०० हर्ट्झचा सूर बरोबर अर्धी लाट मागे राहतो आणि बेरजेत कापला जातो. १००० हर्ट्झचा पूर्ण लाट मागे राहतो म्हणून वाचतो. पहिला दोष दोन तारा अदलाबदल करून जातो. दुसरा तसा जात नाही, त्याला माइकची जागा बदलावी लागते.

आणखी एक. उलटा फेज हा एका चॅनलचा आजार नाही, तो दोन चॅनलमधला बेबनाव आहे. म्हणूनच एकेक चॅनल तपासलं की सगळं ठणठणीत वाटतं. एरवी आपण डावं-उजवं अदलाबदल करून दोष कुठल्या बाजूला सरकतो ते पाहतो. ती युक्ती हमिंगला चालते, बंद चॅनलला चालते, इथे नाही. डाव्याचं उजवं केलं तरी दोघं एकमेकांच्या विरुद्धच राहतात आणि लक्षण जसंच्या तसं. या एका गोष्टीपायी मी लोकांच्या दोन-दोन रात्री वाया गेलेल्या पाहिल्या आहेत.

१. मोनो वाजवून पाहा

खर्च काही नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली मोनो ऑडिओचा पर्याय असतो, तो चालू करा. दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून वीतभर अंतरावर ठेवा आणि भरपूर बेस असलेलं काहीतरी हळू आवाजात लावा. फेज जुळत असेल तर आवाज भरीव येईल. उलटा असेल तर दोन्ही पडदे एकमेकांची हवा खातील आणि बेस जवळजवळ संपेल.

आता सिस्टिम बंद करा, फक्त एका स्पीकरच्या मागच्या दोन तारा अदलाबदल करा आणि पुन्हा लावा. बेस परत आला तर साखळीत कुठेतरी एक उलटापालट नक्की आहे. कुठे, ते अजून कळलेलं नाही. पुष्कळ जण इथेच थांबतात, तारा तशाच ठेवतात आणि पुढच्या महिन्यात दुसरा ॲम्प्लिफायर जोडला की पुन्हा फोन करतात.

२. प्रीॲम्प वगळा

फोनचा आवाज शून्यावर आणा, मगच फोन थेट पॉवर ॲम्प्लिफायरला जोडा. बऱ्याच पॉवर ॲम्प्लिफायरना स्वतःचा व्हॉल्यूम नसतो, त्यामुळे हे विसरलात तर ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) जाईल. स्पीकरच्या बदललेल्या तारा पूर्ववत करून मोनो चाचणी पुन्हा करा. दोष तसाच राहिला तर प्रीॲम्प निर्दोष आहे, त्याचा स्क्रूसुद्धा काढू नका. दोष गेला तर तो प्रीॲम्पमध्ये किंवा त्याला जोडलेल्या केबलमध्ये आहे.

३. स्पीकरच्या तारा

पारदर्शक स्पीकर वायरीत एक तार तांब्याची आणि एक चंदेरी दिसते, काळ्या-पांढऱ्या वायरीत एका बाजूला रेघ असते. ती खूण दोन्ही टोकांना एकाच रंगाच्या टर्मिनलला लागली आहे का बघा. बॉक्स कुणी आधी उघडलेला असेल तर बाहेरच्या लाल-काळ्यावर भरवसा ठेवू नका.

खात्रीसाठी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. स्पीकर ॲम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवा. सेलचा प्लस लाल टर्मिनलला आणि मायनस काळ्याला क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. नुसतं टेकवायचं, धरून ठेवायचं नाही. सुट्या ट्वीटरवर हा प्रयोग अजिबात नको.

४. केबल आणि जॅक

माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी सर्वाधिक इथेच संपल्या आहेत, म्हणून इथे जास्त वेळ द्या.

पहिला संशयित म्हणजे फोन किंवा लॅपटॉपची स्टिरिओ केबल मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो इनपुटला लावणं. जॅक बसतो, आवाज येतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण बॅलन्स्ड इनपुट जॅकच्या टोकावरच्या सिग्नलमधून रिंगवरचा (टोकामागच्या कड्यावरचा) सिग्नल वजा करतं. तिथे डावं आणि उजवं चॅनल आलं तर दोन्हींत जे सारखं आहे ते कटतं. गायकाचा आवाज आणि बेस बहुधा दोन्हींत सारखेच असतात. गाणं लागतं आणि गायकच नसतो! असं कुणी सांगितलं की मी पहिल्यांदा हीच केबल विचारतो. उपाय असा: डावं आणि उजवं वेगवेगळ्या इनपुटला द्या, किंवा प्रत्येकात एकेक किलोओहमचा रेझिस्टर घालून एकत्र करा आणि इनपुटच्या टोकाला द्या, रिंग ग्राउंडला. दोन आउटपुट रेझिस्टरशिवाय एकत्र बांधू नका, ते एकमेकांनाच चालवायला लागतात.

दुसरा संशयित एक्सएलआर, म्हणजे साउंडवाल्यांच्या बोलीतला कॅनन. पिन १ शिल्ड, पिन २ हॉट (सरळ सिग्नल), पिन ३ कोल्ड (उलटा सिग्नल). हे १९९२ च्या एईएस१४ मानकात पक्कं झालं. त्याआधीच्या काही उपकरणांत पिन ३ हॉट असे, आणि अशी जुनी यंत्रं अजून चालू आहेत. मल्टिमीटर बझरवर ठेवा आणि एका टोकाची २ दुसऱ्या टोकाच्या २ शी बोलते का पाहा. घरी सोल्डर केलेल्या कॅननमध्ये २ आणि ३ ची अदलाबदल फार सहज होते, कारण नर आणि मादी कनेक्टर मागून पाहिले की आकडे आरशातल्यासारखे उलट्या क्रमाने येतात. प्लास्टिकवर कोरलेला आकडा टॉर्च लावून वाचा, अंदाजाने टाका घालू नका.

आरसीए केबलबाबत एक इशारा. तिच्यात एक तार सिग्नलची आणि दुसरी ग्राउंडची. ती अदलाबदल करून फेज उलटत नाही. सिग्नल ग्राउंड होतो आणि वर हमिंग मिळते.

५. मल्टिमीटरने पकडा

फेज पाहायला ऑसिलोस्कोप हवाच असं नाही. फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, १०० हर्ट्झचा शुद्ध सूर लावा आणि तोच प्रीॲम्पच्या दोन्ही इनपुटला द्या. मीटर एसी व्होल्टवर ठेवून प्रत्येक आउटपुट ग्राउंडच्या तुलनेत मोजा आणि व्हॉल्यूम किंवा बॅलन्सने दोन्ही सारखे करा. समजा, दोन्हीकडे ०.८ व्होल्ट आले. आता मीटरची एक पिन डाव्या आउटपुटवर, दुसरी उजव्यावर. जवळजवळ शून्य दाखवलं तर फेज एक आहे. १.६ दाखवलं तर उलटा. वाद संपला.

मधलाच आकडा आला, समजा पुन्हा ०.८, तर सिग्नल उलटलेला नाही, ६० अंश सरकलेला आहे. सूर ४०० हर्ट्झवर नेऊन पुन्हा मोजा. खरा उलटा फेज तिथेही दुप्पटच दाखवेल. फरक कमी होत गेला तर एका चॅनलच्या कपलिंग कपॅसिटरकडे (दोन टप्प्यांना जोडणाऱ्या) बघा. १०५ च्या जागी १०४ बसलेला मला अनेकदा सापडला आहे. १०५ म्हणजे १ मायक्रोफॅरड, १०४ म्हणजे ०.१. पुढे १० किलोओहमचा भार असेल तर पहिला १६ हर्ट्झपासून कापायला लागतो, दुसरा १६० पासून. कपॅसिटर बदला, फेज आपोआप जुळेल.

एकच चॅनल उलटवतं का, हेही याच मीटरने कळतं. इनपुट ०.३ आणि आउटपुट ०.९ व्होल्ट असेल, तर दोन्हींच्या मध्ये मोजल्यावर ०.६ आलं तर सरळ, १.२ आलं तर उलटं.

स्वस्तातल्या पिवळ्या मीटरवर एसीची सर्वांत खालची रेंज २०० व्होल्टची असते आणि ते ०.१ च्या खाली वाचत नाही. त्यावर ही चाचणी करायची तर सूर एक-दोन व्होल्टपर्यंत वाढवा, नाहीतर २ व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर कुणाकडून तरी मागून आणा.

६. आता बोर्ड

सर्किटचा कागद समोर घ्या आणि इनपुटपासून आउटपुटपर्यंत बोट फिरवत उलट्या, म्हणजे सिग्नल किती वेळा उलटतो ते, मोजा. ऑपॲम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीच्या) मायनस पिनवर सिग्नल येत असेल तर एक उलटी. प्लसवर येत असेल तर नाही. ४५५८, टीएल०७२ आणि एनई५५३२ तिघांचं पिनिंग एकच आहे: मायनस २ आणि ६, प्लस ३ आणि ५, आउटपुट १ आणि ७. ट्रान्झिस्टरचा प्रीॲम्प असेल तर बीसी५४७ च्या कलेक्टरवरून घेतलेला सिग्नल उलटा, एमिटरवरून घेतलेला सरळ. सगळ्या उलट्यांची संख्या सम असेल तर चॅनल सरळ, विषम असेल तर उलटं. दोन्ही चॅनलची मोजदाद जुळली पाहिजे, एवढंच.

जुळत नाही तेव्हा दहातल्या नऊ वेळा कारण टोन कंट्रोल निघतं. बेस-ट्रेबलचं जे सर्किट आपण सगळे वापरतो ते इंग्लंडचे पीटर बॅक्संडॉल यांनी १९५२ साली मांडलं, आणि ते स्वभावानेच सिग्नल उलटवतं. त्यात चूक काही नाही. दोन्ही चॅनलना ते असेल तर कानाला काही फरक पडत नाही. घोटाळा होतो तो एकाला असलं आणि दुसऱ्याला नसलं की.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाने नेमकं तेच केलं होतं. झीरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेल्या कोऱ्या बोर्डावर) अगदी सुबक काम, टाके चकचकीत. डग्ग्याला बेस जास्त हवा म्हणून त्या चॅनलला टोन कंट्रोल दिलं. तबल्याला गरज नाही म्हणून ते चॅनल सरळ बाहेर काढलं. डग्ग्याचा घुमारा तबल्याच्या माइकमध्येही शिरतो. दोन माइकमध्ये फूटभर अंतर असलं तरी ८० हर्ट्झची लाट चार मीटरहून लांब असते, तिच्यापुढे फूटभर म्हणजे काहीच नाही. एका माइककडून तीच लाट सरळ आली, दुसऱ्याकडून उलटी, आणि मिक्सरमध्ये दोघी एकमेकींना खाऊन बसल्या. बेस वाढवण्यासाठी घातलेल्या भागानेच बेस गेला होता, आणि आयसी बदलून तो कधीच परत आला नसता.

बायपास स्विचही बघा. तो टोनचा पूर्ण टप्पा वगळत असेल तर दाबल्यावर सिग्नल पलटणारच. बायपास करायचाच असेल तर टप्पा ठेवा आणि फक्त पॉटचं (फिरवायच्या बटणांचं) जाळं वगळून तिथे समान किमतीचे दोन रेझिस्टर आणा. मग स्विचच्या दोन्ही स्थितींत फेज एकच राहतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘आयसीच्या पिन २ आणि ३ उलट जोडल्या गेल्या असतील, म्हणून फेज उलटा’ असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही. त्या उलट्या झाल्या तर फीडबॅकच (आउटपुटकडून इनपुटला परत येणारा सिग्नल) उलटतो आणि आउटपुट पुरवठ्याच्या एका टोकाला जाऊन चिकटतं. स्वच्छ पण उलटा सिग्नल त्यातून मिळत नाही. पिन १ किंवा ७ वर पुरवठ्याच्या जवळपास डीसी व्होल्टेज दिसत असेल तर तो जोडणीतला दोष आहे, तो आधी काढा.

आणि ते फाटणं. टीएल०७२ ला ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालवलं आणि जोरात आवाज दिला की थाप फाटून कडकडते. या आयसीचा इनपुट मायनस पुरवठ्याच्या तीन-चार व्होल्टच्या आत गेला की आउटपुट अचानक विरुद्ध टोकाला उडी मारतं. इनपुटचा बायस (सिग्नल नसतानाचं व्होल्टेज) साडेचारवर असेल तर खाली जेमतेम एक व्होल्टची जागा उरते. हा क्षणापुरता उलटलेला फेज आहे आणि तारा बदलून तो जाणार नाही. प्लस-मायनस १२ किंवा १५ चा पुरवठा द्या, नाहीतर इनपुटची पातळी कमी करा.

उलटं चॅनल सरळ कसं करायचं

बॅलन्स्ड आउटपुट असेल तर कॅननच्या आतल्या २ आणि ३ नंबरच्या तारा बदला, काम झालं. आरसीए आउटपुट असेल तर एक उलटवणारा टप्पा वाढवावा लागतो, आणि दोन चॅनलना मिळून विषम टप्पे असल्याने आयसीचा अर्धा भाग बहुधा रिकामाच पडलेला असतो. १० किलोओहमचे एक टक्क्याचे दोन रेझिस्टर घ्या. एक सिग्नलपासून मायनस पिनला, दुसरा आउटपुटपासून त्याच मायनस पिनला. प्लस पिन ग्राउंडला. एकाच बॅटरीवर असाल तर अर्ध्या व्होल्टेजच्या बिंदूला. दुसऱ्या रेझिस्टरला समांतर २२ पिकोफॅरड. सिग्नलच्या वाटेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे बेस कापला जात नाही. आयसीच्या पुरवठ्याच्या पिनांना अगदी चिकटून १०४. हा टप्पा माइकला किंवा पिझो पिकअपला थेट लावू नका. त्याचा इनपुट फक्त १० किलोओहमचा असल्याने पिकअपचा आवाज पार पातळ होईल. तो नेहमी आधीच्या टप्प्यानंतर यावा.

त्या तबल्याच्या चॅनलमध्ये आम्ही हेच केलं. चार भाग, अर्धा तास. फेडर एकत्र वर गेले आणि डग्ग्याने खोली भरली.

दोन्ही चॅनल मिळून उलटी असतील आणि दुसरा कुठलाही सिग्नल त्यात मिसळत नसेल, तर माझ्या मते ती तशीच राहू द्या. चांगल्या चालणाऱ्या बोर्डावर विनाकारण पुन्हा गन लावणं मला पटत नाही. सबवूफर वेगळ्या वाटेने चालत असेल किंवा गायक इअरफोनवर ऐकत असेल तर मात्र दुरुस्त कराच.

इथे हात थांबवा

- दोष प्रीॲम्पबाहेर, पॉवर ॲम्प्लिफायरच्या किंवा पॉवर्ड स्पीकरच्या पेटीत आहे असं दिसलं तर. आत २३० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही मोठे कपॅसिटर भरलेले राहतात. हे काम दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराचं.
- प्रीॲम्प व्हॉल्व्हचा असेल तर. तिथे अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी सहज असतात. व्हॉल्व्हवर काम केलेला माणूसच बोलवा.
- पेटीला किंवा माइकला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर. हा फेजचा प्रश्नच नाही, अर्थिंगचा आहे. सगळं बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. हमिंग घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कुणीही काढायची नाही.
- पॉवर ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवर सिग्नल नसतानाही १०० मिलिव्होल्टपेक्षा जास्त डीसी दिसत असेल तर. स्पीकर लगेच सोडवा.
- सिग्नल नसताना आयसी बोट ठेवता येणार नाही इतका तापत असेल आणि १०४ लावूनही थांबत नसेल तर. तो कानाला न ऐकू येणारं ऑसिलेशन करत असण्याची शक्यता आहे, आणि ते ट्वीटर जाळतं. ऑसिलोस्कोप असलेल्याकडे न्या.
- वॉरंटीतलं उपकरण असेल तर स्क्रूला हात लावू नका.

काम झाल्यावर मीटरची चाचणी एकदा टोन कंट्रोल चालू ठेवून आणि एकदा बायपास करून घ्या. स्पीकरच्या तारा पहिल्या तपासात बदलल्या होत्या त्या पूर्ववत केल्या का, तेही बघा. त्या तशाच राहिल्या तर दुरुस्त केलेला प्रीॲम्प पुन्हा उलटा वाटेल. मग झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने दोन्ही चॅनलच्या उलट्यांची संख्या आणि तारीख लिहा आणि झाकण लावा.